मेलखालची ‘फोनवरून पाठवले’ ही ओळ काढली तरी परत का येते?

तक्रार साधारण अशी असते. मेलच्या शेवटी, आपल्या नावाखाली, ‘सेंट फ्रॉम माय आयफोन’ किंवा ‘गेट आउटलुक फॉर अँड्रॉइड’ अशी ओळ जाते. ती आपण लिहिलेली नसते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती पुसली, दोन-चार मेल स्वच्छ गेले, आणि आठवड्याभराने कुणाच्या तरी उत्तराखाली आपलाच मेल चिकटून आला तेव्हा ओळ पुन्हा हजर. कधी ती एका पत्त्यावरून जाते, दुसऱ्यावरून जात नाही. कधी दोन सह्या, म्हणजे मेलखाली आपोआप लागणाऱ्या ओळी (सिग्नेचर), एकाखाली एक जातात. कधी कामाच्या पत्त्याची नीटनेटकी सही संगणकावरून जाते आणि फोनवरून मात्र नुसती कंपनीची जाहिरात जाते.

या सगळ्याचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. सही आपल्या खात्यात साठवलेली आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती त्या त्या अ‍ॅपमध्ये, त्या त्या यंत्रावर साठवलेली असते. एकच पत्ता फोनवरच्या दोन अ‍ॅपमध्ये, टॅबलेटवर आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा असेल तर सह्या चार आहेत, आणि त्या चार ठिकाणी जाऊनच बदलाव्या लागतात. म्हणून लगेच सेटिंग्ज उघडू नका. ओळ नेमकी कोण जोडते आहे ते आधी शोधा.

ओळ कोण जोडते?

स्वतःचाच दुसरा एखादा पत्ता घ्या, शक्यतो वेगळ्या सेवेचा. जिथून जिथून मेल पाठवता त्या प्रत्येक ठिकाणाहून त्या पत्त्यावर एक मेल पाठवा. विषयात ठिकाणाचे नाव लिहा: ‘फोन, जीमेल’, ‘फोन, आउटलुक’, ‘टॅबलेट’, ‘ब्राउझर’. मजकुरात ‘चाचणी’ एवढाच शब्द पुरे. प्रत्येक ठिकाणाहून एक नवा मेल आणि एक उत्तर अशी जोडी पाठवा, कारण नव्या मेलची सही आणि उत्तराची सही वेगळी ठेवण्याची सोय अनेक ठिकाणी असते आणि घोळ बऱ्याचदा तिथेच असतो.

आता तीन जागा पाहायच्या. मेल लिहायला घेतला त्याच क्षणी ओळ खाली दिसते का? पाठवल्यावर सेंटमधल्या प्रतीत दिसते का? आणि दुसऱ्या पत्त्यावर पोचलेल्या मेलमध्ये दिसते का?

लिहितानाच दिसत असेल तर ती अ‍ॅप जोडते, आणि त्याच अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ती मिळेल. लिहिताना नव्हती पण सेंटमध्ये आहे, तर पाठवताना अ‍ॅपने किंवा सेवेने जोडली. सेंटमधली प्रत स्वच्छ आहे आणि पोचलेल्या मेलमध्ये मात्र ओळ आहे, तर ती संस्थेचा मेल सर्व्हर वाटेत जोडतो आहे. या तिसऱ्या प्रकारात फोनवर कितीही शोधाशोध केली तरी काही हाती लागणार नाही, आणि लोकांचा सर्वाधिक वेळ नेमका इथेच वाया जातो.

चाचणी करताना जुना ड्राफ्ट वापरू नका. बहुतेक अ‍ॅप सही मेल लिहायला घेतानाच मजकुरात घालतात. एकदा घातली की ती साधा मजकूर होते, तुम्ही टाइप केलेल्या शब्दांसारखी. फोनवर सुरू केलेला ड्राफ्ट संध्याकाळी संगणकावर पुरा करून पाठवला तरी खाली ‘सेंट फ्रॉम माय आयफोन’ राहतेच, आणि संगणकाने आपली सही वर जोडली तर दोन होतात. सेटिंग बदलण्याआधीच्या ड्राफ्टमध्येही जुनीच सही बसलेली असते. ‘काढली तरी परत आली’ असे वाटण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. सेटिंग बदलली की जुने ड्राफ्ट उघडून त्यांतली ओळ हाताने पुसा.

आयफोन आणि आयपॅड

आयओएस १८ पासून मार्ग असा: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मेल, आणि तिथे खाली सिग्नेचर. त्याआधीच्या आवृत्त्यांत सेटिंग्जमधून थेट मेल, मग सिग्नेचर. सेव्हचे बटण नाही. मजकूर पुसून मागे आलात की बदल लागू.

इथे वर दोन पर्याय दिसतात: सर्व खात्यांसाठी एक सही, किंवा प्रत्येक खात्यासाठी वेगळी. वेगळी ठेवली असेल तर जितकी खाती तितके चौकोन, आणि प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे रिकामा करावा लागतो. लोक पहिला चौकोन पुसतात आणि खाली सरकवून पाहत नाहीत. शिवाय नंतर एखादे खाते नव्याने जोडले, किंवा पासवर्डच्या भानगडीत खाते काढून पुन्हा घातले, की त्या खात्याचा चौकोन मूळ ओळीसकट परत येतो. ज्याला सगळीकडे एकच सही चालते त्याने ‘सर्व खाती’ हाच पर्याय ठेवावा. पुढे त्रास कमी होतो.

आयफोन आणि आयपॅड यांच्या सह्या एकमेकांशी जुळवल्या जात नाहीत. फोनवर पुसली म्हणून आयपॅडवर पुसली जात नाही. तिथे ‘सेंट फ्रॉम माय आयपॅड’ तशीच असते. नवा फोन जुन्याच्या बॅकअपवरून न भरता कोरा सुरू केला तर सहीही मूळ ओळीवर जाते. फोन बदलल्यावर बँकेची अ‍ॅप आठवणीने लावतात तशी ही एक सेटिंगही त्याच दिवशी पाहून टाका.

आणखी एक गोष्ट. फोटो किंवा फाइल ‘शेअर’ करून मेल पाठवता तेव्हा तो मूळ ठरवलेल्या खात्यावरून निघतो आणि त्याच खात्याची सही लागते. कामाच्या सहीसह घरच्या फोटोंचा मेल जाण्याचे कारण हेच. त्याच मेल सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट अकाउंट’ आहे, तिथे योग्य खाते निवडा.

संगणकावरची रंगीत सही आयफोनवर आणायची असेल तर स्वतःला मेल पाठवा, तो फोनवर उघडा, सही निवडून कॉपी करा आणि सिग्नेचरच्या चौकोनात पेस्ट करा. पेस्ट करताच फोन अक्षरांचे रंग-आकार काढून टाकतो. तिथेच थांबा, दुसरे काही टाइप करू नका, फोन हातात धरून हलवा. बदल रद्द करायचा का असे विचारणारी खिडकी येईल, ‘अनडू’ दाबा. मूळ रूप परत येते. खिडकी येत नसेल तर सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, टच या मार्गाने जाऊन ‘शेक टू अनडू’ चालू आहे का ते पाहा.

जीमेल

जीमेलमध्ये दोन सह्या असतात हे माहीत नसल्यामुळे गोंधळ होतो. एक वेबवरची, दुसरी फोनच्या अ‍ॅपमधली, जिला अ‍ॅपमध्ये ‘मोबाइल स्वाक्षरी’ म्हटलेले असते. अँड्रॉइडवर डावीकडच्या तीन रेघा, खाली सेटिंग्ज, तुमचा पत्ता, मग मोबाइल स्वाक्षरी. आयफोनवरच्या जीमेल अ‍ॅपमध्येही तीन रेघांतून सेटिंग्ज आणि तिथे सहीची सेटिंग; तिथे चालू-बंदची कळ आहे. दोन्हीकडे प्रत्येक पत्त्याची सही वेगळी.

मोबाइल स्वाक्षरी म्हणजे नुसता मजकूर. तिच्यात चित्र, रंग, ठळक अक्षर यांपैकी काही बसत नाही. त्यामुळे ‘लोगो का जात नाही’ या प्रश्नावर सेटिंग्जमध्ये उत्तर नाही. तो तिथे जाऊच शकत नाही. मात्र मोबाइल स्वाक्षरी ठरवलेलीच नसेल तर अ‍ॅप वेबवरची सही वापरते. याचा अर्थ उलटाही होतो: फोनवरून काहीच जाऊ नये म्हणून मोबाइल स्वाक्षरी पुसलीत, तर वेबवरची आठ ओळींची सही फोनवरून जायला लागेल. फोनसाठी काहीतरी आखूड हवे असेल तर तिथे निदान आपले नाव लिहून ठेवा. रिकामे ठेवू नका.

वेबवर उजवीकडचे चक्र, ‘सर्व सेटिंग्ज पाहा’, सामान्य, आणि बरेच खाली स्वाक्षरी. इथे चार गोष्टी चुकतात. पहिली, पानाच्या अगदी तळाशी असलेले ‘बदल सेव्ह करा’ दाबायचे राहते, आणि टॅब बंद केला की सगळे गेले. दुसरी, सही लिहिली पण खालच्या दोन यादींत ती निवडली नाही: एक यादी नव्या मेलसाठी, दुसरी उत्तर आणि फॉरवर्डसाठी. तिसरी, ‘सही फार लांब आहे’ असा निरोप येतो. मर्यादा १०,००० अक्षरांची आहे आणि तिच्यात एचटीएमएलची, म्हणजे मजकुराचे रंग-आकार ठरवणाऱ्या न दिसणाऱ्या खुणांची, अक्षरेही मोजली जातात. वर्डमधून थेट पेस्ट केलेली सही चार ओळींची दिसली तरी आत ढीगभर खुणा घेऊन येते. आधी साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तिथून उचलून जीमेलमध्ये आणा आणि ठळक-तिरपे तिथेच करा. चौथी, उत्तरात सही दिसतच नाही. ती जाते, पण आधीच्या मजकुराच्या खाली, तीन टिंबांच्या आड. तिथेच एक चौकोन आहे: उत्तरात सही जुन्या मजकुराच्या वर घाला आणि तिच्याआधीची दोन आडव्या रेघांची ओळ काढा. त्यावर खूण करा.

आउटलुक आणि सॅमसंग

फोनवरच्या आउटलुकमध्ये वर डावीकडचे तुमचे चित्र, मग चक्र, मग सिग्नेचर. ‘गेट आउटलुक फॉर...’ ही ओळ मुळात एक दुवा असतो. पूर्ण निवडून पुसा. ‘पर अकाउंट सिग्नेचर’ ही कळ चालू असेल तर प्रत्येक खात्याखाली वेगळा चौकोन, म्हणजे आयफोनचीच गत. संगणकावरच्या आउटलुकमध्ये केलेला बदल फोनवर उतरेल या भरवशावर राहू नका. फोनवर सही पुन्हा ठरवा. सॅमसंगच्या ईमेल अ‍ॅपमध्ये तीन रेघा, चक्र, खाते, सिग्नेचर असा मार्ग आहे आणि तिथे ती सरळ बंद करता येते. काही मोफत मेल सेवा आपली ओळ काढूच देत नाहीत, पैसे भरल्यावरच देतात. तसे असेल तर पाठवण्याआधी प्रत्येक वेळी हाताने पुसणे, किंवा तो पत्ता दुसऱ्या मेल अ‍ॅपमध्ये जोडून तिथून पाठवणे, हे दोनच रस्ते उरतात.

दोन सह्या, दहा सह्या

जुन्या ड्राफ्टचा घोळ नसताना पोचलेल्या मेलमध्ये दोन सह्या दिसतात तेव्हा बहुतेकदा एक अ‍ॅपची आणि दुसरी सर्व्हरची असते. संस्था मेलच्या सर्व्हरवर नियम लावतात: बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली नाव, पद आणि गोपनीयतेची सूचना जोडायची. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंजमध्ये याला डिस्क्लेमरचा नियम म्हणतात, गूगल वर्कस्पेसमध्ये ‘अपेंड फूटर’. असा नियम असेल तर वापरणाऱ्याने फोनवरची सही पूर्ण रिकामी करावी, जीमेलमध्ये वेबवरचीसुद्धा.

सर्व्हरच्या सहीचा खास दोष असा की तिला तुमचे उत्तर कुठे संपते ते कळत नाही. ती सगळ्या मेलच्या तळाशी, म्हणजे आठवड्यापूर्वीच्या पहिल्या मेलच्याही खाली, जाऊन बसते. तुम्ही पाच उत्तरे पाठवलीत की तळाशी पाच सूचना एकाखाली एक. हा दोष फोनवरून सुटत नाही. यंत्रणा सांभाळणाऱ्याला सांगा की नियमात अपवाद घाला: सूचनेतला एखादा ठरावीक शब्दसमूह मेलमध्ये आधीच असेल तर ती पुन्हा जोडू नये. तो शब्दसमूह इतरांच्या मेलमध्ये सहज सापडणार नाही असा निवडायचा. ‘गोपनीय’ हा एकच शब्द धरला तर भलत्याच मेलना सूचना लागणार नाही.

मेल लांबत गेला की आणखी एक अडचण येते. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठ्या मेलचा मजकूर मध्येच कापतो आणि ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा देतो. वीस उत्तरांच्या साखळीत, प्रत्येकाच्या सहीच्या एचटीएमएलसकट, ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही.

दोन आडव्या रेघा

सहीच्या वर दोन आडव्या रेघा, त्यांच्यानंतर एक मोकळी जागा, आणि मग नवी ओळ, हा सही सुरू झाल्याचा जुना संकेत आहे. २००४ च्या आरएफसी ३६७६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे संकेत नोंदवणारे क्रमांकित दस्तऐवज) त्याची नोंद आहे. थंडरबर्डसारखे संगणकावरचे मेल प्रोग्रॅम तो ओळखतात: सही फिकी दाखवतात आणि उत्तर देताना ती आपोआप गाळतात, त्यामुळे साखळी स्वच्छ राहते. आयफोनवर हा संकेत टाइप करायला गेलात तर तो मोडतो, कारण कीबोर्ड दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करून टाकतो. सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड इथे जाऊन ‘स्मार्ट पंक्चुएशन’ तात्पुरते बंद करा, रेघा आणि मोकळी जागा टाइप करा, मग ते पुन्हा चालू करा.

चित्रे, रंग आणि अक्षरे

लोगो असलेली सही फोनवर बिघडते ती साधारण याच वाटांनी. चित्र मेलमध्ये गुंडाळून पाठवले तर काही अ‍ॅपमध्ये ते जोडलेल्या फाइलसारखे दिसते, ‘इमेज००१.पीएनजी’ नावाची फाइल आणि मेलपुढे कागदाच्या पिनेची खूण. समोरचा खरी फाइल शोधत बसतो. चित्र दुव्याने ठेवले तर ते ड्राइव्हवर सर्वांसाठी खुले असायला हवे, नाहीतर तुम्हाला दिसते आणि इतरांना तुटलेला चौकोन दिसतो. शिवाय बाहेरची चित्रे आपोआप न उघडणारे मेल प्रोग्रॅम बरेच आहेत. म्हणून नाव आणि फोन नंबर कधीही चित्रात ठेवू नका. चित्र उघडले नाही तर दोन्ही जातात, आणि उघडले तरी नंबरवर बोट ठेवून फोन लावता येत नाही. नंबर मजकुरात, अधिक चिन्ह आणि देशाच्या क्रमांकासह लिहा.

फोनच्या पडद्याची मांडणीसाठी धरली जाणारी रुंदी साधारण ३६० ते ४३० पिक्सेल असते. ६०० पिक्सेल रुंदीच्या तक्त्यात बांधलेली सही आली की काही अ‍ॅप संपूर्ण मेल आक्रसून दाखवतात आणि मूळ मजकूर मुंगीएवढा होतो. सही ३२० पिक्सेलच्या आत, एकाखाली एक ओळींत ठेवा. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो डार्क मोडमध्ये नाहीसा होतो. त्याला एक-दोन पिक्सेलची पांढरी कड द्या.

सही मराठीत असेल तर ती युनिकोडमध्येच हवी, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले नाव तुमच्या संगणकावर देवनागरी दिसते आणि समोरच्याच्या फोनवर इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा कचरा होऊन पोचते. तुमच्याच फोनवर ते वाचता आले तर समजा ठीक आहे.

ही ओळ समोरच्याला काय सांगते?

सही म्हणून जाहिरात जोडायची कल्पना फोनच्या आधीची. हॉटमेल १९९६ मध्ये सुरू झाले तेव्हा प्रत्येक मेलच्या तळाशी ‘तुम्हीही मोफत खाते उघडा’ अशा अर्थाची ओळ जात असे आणि सेवेचा प्रसार तिनेच मोठ्या प्रमाणावर केला. पुढे ब्लॅकबेरीने यंत्राचे नाव सहीत आणले, आणि २००७ मध्ये आलेल्या आयफोनने ते घरोघरी नेले. त्या काळी ओळीला बातमीचे मोल होते: हा माणूस टेबलापाशी नाही, अंगठ्याने टाइप करतो आहे, फाइल उघडू शकणार नाही. आज बहुतेकांच्या हातात फोनच असतो, त्यामुळे बातमी गेली आणि ओळ तेवढी राहिली.

तरीही ती वाचणाऱ्यावर परिणाम करते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकच मेल चार प्रकारे दाखवला: चुकांसह आणि चुकांशिवाय, आयफोनच्या सहीसह आणि संगणकावरच्या नेहमीच्या सहीसह. चुका असलेल्या मेलखाली फोनची ओळ असली तर पाठवणाऱ्याकडे लोकांनी जरा सौम्यपणे पाहिले. म्हणजे ओळ थोडी सबब पुरवते. पण सबब लागते ती चुकलेल्या मेलला. बरोबर लिहिलेल्या मेलखाली ‘फोनवरून लिहिले, चुका माफ करा’ असे जाते तेव्हा वाचणारा चुका शोधायला लागतो. आमचे मत स्पष्ट आहे: माफीची ओळ कायमची लावून ठेवू नका. पाठवण्याआधी एकदा वाचा. ते अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आखूडपणाचा प्रश्न मात्र खरा आहे. कुणी दहा ओळींचा प्रस्ताव पाठवला आणि उत्तर आले, ‘चालेल.’ खाली काही नाही. वाचणाऱ्याला ते तुसडे वाटते. त्याच ‘चालेल’खाली फोनची ओळ असली तर थोडे सैल वाटते. पण ‘चालेल. सविस्तर उद्या सकाळी लिहितो.’ आणि खाली नाव, हे त्याहून चांगले, आणि त्याला फक्त चार शब्द जास्त लागतात. फोनवर आहात हे समोरच्याला सांगणे गरजेचेच असेल, तर परिणाम सांगा: ‘आत्ता फाइल उघडता येत नाही, संध्याकाळी पाहतो.’ यंत्राच्या नावापेक्षा हे वाक्य उपयोगी आहे.

फसवणूक करणाऱ्यांनाही या ओळीचा हा गुण चांगला ठाऊक आहे. वरिष्ठांच्या नावाने येणारा मेल, दोनच वाक्ये, ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, हे पैसे आत्ता पाठवा’, आणि खाली ‘सेंट फ्रॉम माय आयफोन’. नेहमीची सही का नाही, भाषा तुटक का, पत्ता वेगळा का, या सगळ्या शंकांना ती ओळ आधीच उत्तर देऊन ठेवते. ती नुसती अक्षरे आहेत, कुणीही कुठूनही टाइप करू शकतो. फोनवर मेल वाचताना फक्त पाठवणाऱ्याचे नाव दिसते; नावावर टॅप करून पूर्ण पत्ता पाहा, आणि पैशांचा विषय असेल तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नाही.

उलट, ओळ पुसली म्हणून यंत्र लपत नाही. आयफोनचे मेल अ‍ॅप प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक नोंदीत, ‘एक्स-मेलर: आयफोन मेल’ आणि आवृत्तीचा क्रमांक लिहिते. जीमेलच्या वेबवर मेलशेजारच्या तीन टिंबांतून ‘मूळ दाखवा’ निवडले की ते कुणालाही वाचता येते. संगणकावर बसलो होतो असे भासवण्यासाठी ओळ काढणार असाल तर त्याचा उपयोग नाही.

सही म्हणजे खरोखर सही?

हा प्रश्न न्यायालयात गेलेला आहे. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका निकालात न्यायालयाने म्हटले की मेलच्या वर आपोआप पडलेला पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे सही नव्हे. २०१९ मध्ये तिथल्याच दुसऱ्या खटल्यात, विंडरमिअर तलावाकाठच्या जमिनीच्या तुकड्यावरून, मेलखाली आपोआप जोडलेले वकिलाचे नाव-पद ही सही ठरली आणि करार बांधील मानला गेला. कारण असे दिले की ती ओळ आपोआप जोडली जावी अशी व्यवस्था कधीतरी कुणीतरी जाणूनबुजून केलेली होती, पाठवणाऱ्याला ती जाते हे माहीत होते, आणि तिच्या वर त्याने स्वतः ‘आभार’ लिहून तिच्याशी मेल जोडला होता. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण सवय सगळीकडे उपयोगी: व्यवहाराची बोलणी चालू असताना मेलमध्येच लिहा की ही चर्चा आहे, करार स्वतंत्र सहीनंतरच होईल. आपोआप जाणाऱ्या नावावर ‘मी कुठे सही केली’ असे म्हणण्याची वेळ येऊ देऊ नका. आणि कूटलिपीने केलेली डिजिटल सही ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. सिग्नेचरच्या चौकोनात नाव टाइप करून ती होत नाही.

मग फोनवर काय ठेवावे?

१९९५ च्या आरएफसी १८५५ मध्ये सही चार ओळींपेक्षा लांब नसावी असा ठोकताळा दिला आहे आणि तो फोनसाठीही नेमका बसतो. पूर्ण नाव. कामाच्या पत्त्यावर त्याखाली पद आणि संस्था. त्याखाली नंबर. बस. सुविचार, समाजमाध्यमांची चिन्हे आणि ‘कागद वाचवा’ यांना फोनच्या पडद्यावर जागा नाही. घरच्या पत्त्यावर नुसते नाव ठेवा. उत्तरांसाठी वेगळी सही ठेवता येत असेल तर तीही नुसत्या नावाची. सगळे ठरवून झाले की सुरुवातीच्या चाचणीचे मेल पुन्हा एकदा पाठवा, आणि पोचलेला मेल दुसऱ्या फोनवर, डार्क मोड चालू करून, उघडून पाहा.

एका प्रकारच्या मेलला मात्र हीसुद्धा सही लावू नये. ‘वडिलांची बातमी आत्ता कळली. काय लिहावे सुचत नाही. उद्या येतो.’ या तीन वाक्यांखाली निळ्या अक्षरांत ‘गेट आउटलुक फॉर अँड्रॉइड’ गेलेले ज्याने वाचले आहे त्याला ते विसरता येत नाही. पद आणि नंबर गेले तरी तसेच. असा मेल लिहिताना मजकूर झाल्यावर खाली सरका, सहीवर बोट दाबून धरा, पूर्ण निवडा, पुसा, आणि घरी ज्या नावाने हाक मारतात ते नाव हाताने लिहून मग पाठवा.